जोत्याखालची घूस

फुलसावंगीहून बैलगाडीनं दोन तासांवरच्या त्या गावात पुंडलिकराव पाटलांची शेती मोठी, पण नाक त्याहून मोठं. आकारानं नाही, कामानं. उमरखेडचा बाजार करून मोटारीतून उतरले, की फाट्यावरूनच सांगायचे, “मैनीनं आज वरणात हिंग जास्त टाकला.” घरी येऊन पाहावं तर हिंगाची डबी पालथी. कोणाच्या चुलीवर अंबाडीची भाजी लागली, कोणाचं ताक उतरलं, कोणता सोयरा कोणत्या गावचं पाणी पिऊन आला, हे सगळं ते आपल्या ओट्यावर बसून, डोळे मिटून सांगत. एकदा पैनगंगेच्या पल्याड म्हैस व्याली, ते पाटलांना इकडे कळलं. म्हशीच्या मालकाला नंतर कळलं.

असं नाक म्हणजे सुख नव्हे. पाटलांना दिवसातून चाळीस वेळा शिसारी यायची. पोराचा शेंबूड दिसला की जेवण बंद. कोणाच्या जखमेवरची पट्टी दिसली की दोन दिवस नुसत्या ताकावर. वाटेत उंदीर मरून पडला असला तर ते बैलबंडी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात घालून वळसा घेत. मोठं मेलेलं जनावर तर त्यांनी उभ्या जन्मात जवळून पाहिलं नव्हतं. ते पाहायला गावानं माणसं ठेवली होती. पाटलांनी ओट्यावरून “डोमाजी!” अशी हाक द्यायची आणि तोंडाला उपरणं लावून आत जायचं. बाहेर यावं तर वाट स्वच्छ. डोमाजी मेलेलं ओढत निघाला, की आतून पाटलांचा आवाज यायचा, “बाजूनं ने रे, बाजूनं!” डोमाजी बाजूनंच न्यायचा.

छप्पन सालच्या दसऱ्याला डोमाजी नागपूरला गेला, धम्म घेऊन परत आला, आणि त्याच्या सगळ्या आळीनं ठरवलं, मेलेलं ओढायचं नाही. डोमाजीनं नाल्याकाठी भाजीचा मळा धरला. हे पाटलांना माहीत होतं. पण पुढं दोन वर्षं पाटलांच्या घरी काही मेलंच नाही, म्हणून माहीत असूनही कळलं नव्हतं.

पाटलांकडे भादव्यात महालक्ष्म्या बसत. आजोबांपासूनचं व्रत. पहिल्या दिवशी सांजेला दोघी बहिणी घरात येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवणात सोळा भाज्या, आणि पाटलांची टेक अशी, की सोळाच्या सोळा आपल्या परसातल्या. बाहेरची एक काडी नाही. त्या दिवशी अख्खं गाव त्यांच्याकडे जेवायचं. पंगतीतून एकही माणूस भरल्या ताटावरून उठता कामा नये. एक जरी उठला तर दोघी बहिणी उपाशी गेल्या असं धरतात, आणि उपाशी गेलेल्या महालक्ष्म्या त्या घराचा उंबरा पुन्हा चढत नाहीत. शेजारच्या गावी वामनरावांच्या पंगतीतून एक जण केस निघाला म्हणून उठला होता. वामनरावांच्या म्हशीनं पुढं सात वर्षं दुधाऐवजी नुसतं पाहिलं.

तर अठ्ठावन्न सालच्या श्रावणात पाटलांच्या परसात घूस आली.

घूस म्हणजे उंदराचा मोठा भाऊ असं शहरातली माणसं समजतात. ही उंदराची सासू होती. मांजर तिला पाहून आळ्याच्या पलीकडून जायचं. अंगावर केस कमी आणि खरूज जास्त, शेपूट म्हणजे डबक्यात पडून राहिलेला कासरा, आणि तोंडाला कायम काहीतरी ओलं. दिवसाढवळ्या दोडक्याच्या मांडवाखाली बसून ती पाटलांकडे बघत दात खाजवायची. रताळ्याचा वेल वरून हिरवागार. ओढला तर नुसता हातात यायचा, आणि खाली रताळ्यांच्या जागी लेंड्या. सुरणाच्या कांद्याला आतून पोखरून तिनं तिथं पिल्लं घातली, आणि मग बहुधा स्वतःच खाल्ली, कारण उरले होते ते नुसते चार गुलाबी पाय. ते पाहून पाटील एकादशी नसताना एकादशी राहिले. आठ दिवसांत काकडीही गेली. सोळातल्या उरल्या तेरा.

आता घूस मारायची तर पहिला नियम हा, की घरात बोलायचं नाही. घुशी भिंतीआडून ऐकतात. आज औषध आणतो म्हणा, उद्या तुमचं धोतर कुरतडलेलं. पाटलांचे चुलते एकदा जेवताना बोलून गेले, तर घुशीनं झोपेत त्यांची अर्धी मिशी खाल्ली. उरलेली अर्धी त्यांनी घराण्याची म्हणून मरेपर्यंत सांभाळली. तेव्हा पाटलांनी बायकोला, मैनाबाईलाही, चकार शब्द सांगितला नाही. उमरखेडहून उंदराच्या औषधाची काळी पूड आणली, कणकेच्या गोळीत भरली, वरून गूळ चोपडला, आणि महालक्ष्म्यांना पाच दिवस असताना भिंतीकडेच्या बिळात सोडून दिली. मग हात आधी मातीनं, मग राखेनं, मग निंबाच्या पाल्यानं धुतले.

तिकडे मैनाबाईच्या माहेरीही हाच नियम. तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी महालक्ष्म्यांसाठी घर सारवता सारवता ती परसात आली, ते बीळ पाहिलं, त्यात बाभळीचे काटे कोंबले, वर दगड ठोकला, वर शेणमाती थापली आणि असं गुळगुळीत सारवलं, की इथं बीळ होतं हे घुशीलाही पटलं नसतं. त्या दिवशी दोघं नवरा-बायको एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसत होते. दोघांनाही वाटत होतं, आपणच हुशार.

औषध खाल्लेली घूस तहानेनं बाहेर पळते आणि बाहेर मरते. ही पळाली, तर दार बंद. मग ती उलटी फिरली, घराच्या जोत्याखाली शिरली, आणि जिथं महालक्ष्म्या बसतात त्या माजघराच्या खाली जाऊन मेली.

भादव्याची उमस. पहिल्या दिवशी आंबलेल्या पिठासारखं काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी ओल्या कातड्यात नासकी अंडी बांधावीत तसं. तिसऱ्या दिवशी जे आलं त्याला जोड नव्हती. ते नाकानं येत नव्हतं, जिभेवर येऊन बसत होतं. पाणी प्यावं तर त्याची चव, श्वास घ्यावा तर दातांवर साय. हिरव्या माशा भिंतीच्या पायाशी लोंबू लागल्या. कावळे घराच्या छपरावरून जाताना श्वास धरून जात, आणि त्यातला एक धरलेला श्वास सोडायला विसरून अंगणात पडला. फुलोरा तळायला आलेल्या चार बायका पदर नाकाला लावून म्हणाल्या, “आमच्या घरी दूध उतू जाते वं माय.” चौघींच्या घरी एकदमच दूध.

त्या गेल्यावर मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तुम्ही औषध टाकलं?”

“तू बीळ बुजवलं?”

“मले सांगतलं काहून नाही मंग?”

“सांगतलं असतं तर तिनं ऐकलं असतं ना!”

“आता ऐकते काय ते? आता तेच सांगून राह्यली, साऱ्या गावाले!” मैनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, वासानं की रागानं, ते तिलाच ठाऊक. “उद्या सांजेले लक्ष्म्या येतात. परवा गाव जेवते. या घाणीत एक माणूस घास घेईन का? तुमच्या आजाचं वरत तुमच्या हातानं बुडते, हे ध्यानात ठेवा.”

पाटलांनी आधी रामधनला बोलावलं. रामधन तांड्यावरचा गडी, अंगानं आडदांड, एकदा म्हणे रानडुकराला कानशिलात मारून आला होता. तो परसाच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

“मालक, जित्ती असती तर शेपटीनं धरून गरगर फिरवली असती. मेलेली नाही. नायकाले कळलं तर मले दंड म्हनून साऱ्या तांड्याले जेवण द्या लागते.”

“मी देतो जेवण!”

“तुमच्या घरी आता कोण जेवते, मालक?”

मग पाटील ओट्यावर आले, तोंडाला उपरणं लावलं आणि सवयीनं हाक दिली, “डोमाजी!” हाक देऊन सवयीनंच आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले. घाण होती तिथंच होती. पुन्हा हाक दिली. शेवटी रामधनला मळ्यात पाठवलं, तर निरोप आला, काम ज्याचं असंल त्यानं यावं.

पाटील गेले. डोमाजी वांग्यांना आळी करत होता, त्याची बायको तुळसाबाई चवळीच्या जुड्या बांधत होती.

“जय भीम, पाटील,” डोमाजी कुदळीवर हात ठेवून म्हणाला.

पूर्वी तो वाकून जोहार घालायचा, आणि त्याला उत्तर द्यावं लागत नसे. आता पाटलांनी उत्तर द्यायचं होतं. ते खोकले.

“डोमाजी, घरी घूस मेली रे.”

“वास आला. मी हिले म्हनलं, पाटलाकडे हत्ती मेला का काय.”

“चाल मंग. दोन पायल्या जवारी देतो. लुगडं देतो.”

“जवारी हाय आमच्याकडे.”

“मंग काय पायजे तुले?”

तुळसाबाईनं जुडीची गाठ दातानं आवळली. “त्यायले काहीच नाही पायजे, पाटील. तेच तर झालं ना आता.”

पाटील बांधावर उभे होते. मागं गावाकडून वारा आला आणि त्या वाऱ्यात त्यांचं घर आलं. त्यांचा चेहरा असा झाला, की डोमाजीला कुदळ खाली ठेवावी लागली.

“पाटील, मेलेलं आम्ही सोडलं. उचलत नाही, ओढत नाही. आता तुमच्यासाठी उचललं तर उद्या सगळ्या आळीले उचला लागंन. पन परवा गाव जेवाचं हाय, तेही मले समजते. मी येतो. कुठं हाय ते हुडकून देतो, कसं काढाचं ते सांगतो. हात तुमचा.”

“माझा?”

“मंग काय तुळसाचा?” डोमाजीनं पागोटं झटकलं. “आन बसाले खुर्ची पायजे. गुडघा दुखते.”

सकाळपासून तो वाफे खणत होता. गुडघा उत्तम होता.

पाटलांच्या घरी खुर्ची एकच. तिच्यावर एकदा तहसीलदार बसले होते, तेव्हापासून ती नुसती पुसायची. ती परसात निंबाखाली आली. डोमाजी तिच्यावर नीट टेकून बसला, पाय लांब केले, विडी पेटवली. मैनाबाई मागच्या दारातून पाहत होती. ती एरवी बोलली असती. पण बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडलं की वास आत.

“एक सळई आना,” डोमाजी म्हणाला. “भिंतीच्या कडेनं घाला जमिनीत, हातभर. घातली? काढा आता. टोकाचा वास घ्या.”

“मी?”

“नामी नाक कोनाचं हाय गावात? आन ते उपरनं काढा आधी. नाक बांधून वास येते काय?”

पाटलांनी सळई नाकाजवळ नेली. पहिल्या जागी गांडुळं. दुसऱ्या जागी गेल्या सालचं शेण, आणि ते इतकं सुगंधी वाटलं, की पाटील तिथंच रेंगाळले. डोमाजीनं विडीनं पुढची जागा दाखवली. तिसऱ्या जागी काहीतरी गोडसर, पिकून फुटलेल्या पपईसारखं. चौथ्या जागी सळई सहज आत गेली, जणू कोणी आतून ओढून घेतली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला राखाडी, चिकट काहीतरी लागलं होतं. पाटलांनी वास घेतला. जे नाक पैनगंगेपलीकडची म्हैस ओळखायचं, त्यात ती अख्खी घूस शिरली. मिशा, खरूज, पाय, सगळी. पाटील भेंडीच्या आळ्यात ओकले. सकाळची भाकर, कालचं ताक, आणि मैनाबाई नंतर सांगायची ते खरं धरलं तर स्वतःच्या लग्नातली बुंदी.

“तेच हाय,” डोमाजी म्हणाला. “खना आता.”

पाटलांनी कुदळ मारली. जन्मात पहिल्यांदा. दीड हात खणल्यावर जोत्याखाली भोक दिसलं, आणि त्यातून जो भपकारा निघाला त्यानं डोमाजीची विडी विझली.

“घाला हात.”

पाटील भुईवर पालथे झाले. हात खांद्यापर्यंत आत गेला. गाल मैनाबाईनं सारवलेल्या भिंतीला चिकटला, आणि त्या गालावरून एक हिरवी माशी सावकाश चालत डोळ्याकडे निघाली.

“लागलं काही?”

“मऊ लागलं.”

“मऊ म्हंजे तेच. शेपूट पाहा.”

शेपूट सापडली. पाटलांनी ओढली. उकडलेल्या रताळ्याची साल निघावी तसं शेपटीचं कातडं अख्खं सुटून मुठीत आलं, आणि शेपूट तिथंच राहिली. पाटील ओरडले. ओरडायला तोंड उघडलं, आणि माशीनं बेत बदलला.

“नाकानं नका घेऊ श्वास,” डोमाजी खुर्चीवरून हळूच म्हणाला. आता त्याचा आवाज निराळा होता. “तोंडानं घ्या. चव लागते, पन वास कमी होते. माह्या बापानं शिकवलं मले. आठ वर्साचा होतो.”

पाटलांनी तोंडानं श्वास घेतला. चव लागली.

“आता पोटाखालून हात घाला. हळू, ताज्या वासराले धरते तसं. दाबू नका, फुटन.”

ते फुटलं. कोमट काहीतरी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, आणि त्यातून शिजल्या भाताच्या शितांएवढं काही हातावर चालू लागलं. पाटलांनी डोळे मिटले, दात आवळले, आणि आजोबांचं नाव घेऊन ओढलं. घूस बाहेर आली. पूर्ण नव्हती, म्हणून आणखी दोनदा हात घालावा लागला.

“झालं,” डोमाजी उठला. “भोकात चुना टाका, राख टाका, माती भरा. आन हे गावाच्या बाहेर, पांढरीपल्याड. आपल्या हातानं.” तो मागच्या दाराकडे वळला. “मैनावैनी, खुर्ची उचलून ठेवा बरं, तहसीलदाराची हाय.” आणि गेला.

फुटक्या टोपल्यात घूस घेऊन पाटील गावाच्या मधल्या गल्लीनं निघाले. दुसरी वाट नव्हती. टोपल्याच्या बुडातून गळत होतं, आणि ते कुठं गळतं हे पाटील पाहत नव्हते. दारं धडाधड लागली. पोरं “पाटील! पाटील!” करत मागं आली आणि वासानं पुढच्या वळणावर गळाली. मारुतीच्या पारापाशी पाटलांची सख्खी आत्या, म्हातारी मानीबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करताच ओरडून सांगितलं, “बाजूनं ने रे, बाजूनं!”

“आत्याबाई, मी आहे. पुंडलिक.”

म्हातारीनं सूप छातीशी धरलं. डोळे बारीक करून पाहिलं. “अगो बाई, पुंडलिका तू?” ती म्हणाली, आणि उठून दोन पावलं मागं सरून, “तरी बाजूनंच ने.”

पाटील परत आले तेव्हा मैनाबाई दारात आडवी उभी होती. “तिथंच थांबा! पाऊल आत टाकू नका. घरात लक्ष्म्या येतात.” अंगणातच अकरा घागरी पाणी अंगावर पडलं, गोमूत्र पडलं, कपडे जाळले, मिशी अर्धी काढली. आत्याबाईंनी शास्त्र सांगितलं: सडलेलं हातानं काढलं, तीन दिवस शिवायचं नाही, सावलीही नको. महालक्ष्म्याही नेमक्या तीनच दिवसांच्या. पाटलांची बाज गोठ्यात गेली.

वास त्या सांजेला ओसरला. रात्रभर ऊद जळला, आणि दुसऱ्या सांजेला ज्येष्ठा-कनिष्ठा कुंकवाच्या पावलांवरून थेट माजघरात जाऊन बसल्या, त्याच जागेवर. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाव जेवलं. सोळातल्या तीन भाज्या डोमाजीच्या मळ्यातून आल्या. मैनाबाईनं त्या तीनदा धुवून घेतल्या, पण घेतल्या. पंगतीमागून पंगती बसल्या, आंबील तीनदा वाढली, एकही माणूस ताटावरून उठला नाही. व्रत तरलं. पाटील हे सगळं गोठ्यातून ऐकत होते. पुरणाचा वास त्यांना आला नाही. सोळा भाज्यांचाही नाही. पलीकडच्या बैलाचाही नाही. नाकात एकटी घूस मुक्कामाला होती.

शेवटच्या पंगतीनंतर रामधननं पळसाची पत्रावळ आणली आणि काठीनं पुढं सरकवली. पुरणपोळीला गोठ्यातली काडी लागली. मग तो तांब्या घेऊन उभा राहिला. पाटलांनी ओंजळ पुढं केली. रामधननं हात उंच धरून वरून पाणी ओतलं. अर्धं ओंजळीत पडलं, अर्धं नाकात गेलं. पाटील ठसकले, खोकले, आणि डोळे पुसून वर पाहिलं, तर कुंपणापलीकडच्या वाटेवर डोमाजी उभा. डोक्यावर रिकामी टोपली, बाजारातून परत येत होता.

पाटलांनी उरलेल्या अर्ध्या मिशीवरचं पाणी निपटलं.

“डोमाजी,” पाटील म्हणाले, “वरून ओततात ते पानी नाकात जाते रे.”

“जाते,” डोमाजी म्हणाला. त्यानं टोपली खाली उतरवली, कुंपणाशी आला, आणि आपली रिकामी ओंजळ तोंडापुढं धरून दाखवली. “मान अशी वर नाही कराची. हनुवटी खाली घ्याची, छातीले लावाची. असं. मंग नाही जात.”

पाटलांनी हनुवटी खाली घेतली. रामधननं पुन्हा ओतलं. या खेपेला पाणी नाकात गेलं नाही.